शेवटचं डोकं

आमच्या आंटींइतकी माणसांचे चेहरे विसरणारी आणि केस लक्षात ठेवणारी बाई साऱ्या ग्लासगोत दुसरी नसेल. मी त्यांच्या दुकानावरच्या खोलीत वर्षभर भाड्याने राहिले. पहिले दोन महिने जिन्यात भेटले की त्या थांबायच्या, माझ्याकडे परक्यासारखं बघायच्या आणि मी पाठ वळवली की मागून ओरडायच्या, "हां, कोरड्या टोकांची! कशी आहेस?" त्या घानाच्या. त्यांच्याकडेही मोठ्या बाईला नुसत्या नावाने हाक मारत नाहीत. त्यामुळे 'आंटी' म्हणायला मला अवघड गेलं नाही. बाकी सगळंच अवघड होतं. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. वडिलांची पिठाची गिरणी. ग्लासगोला शिकायला आले, पण वर्गात काय बोलावं ते मला सुचायचं नाही, आणि सुचेपर्यंत तास संपलेला असायचा. सुरुवातीला शुक्रवारी दुपारी दुकानदाराला 'थँक यू' म्हटलं की सोमवारपर्यंत तोंड उघडायची वेळ यायची नाही.

आंटींशी खरी ओळख झाली ती माझ्या चुकीमुळे. आमचा फ्रिज एकच. त्यात लोण्याच्या डब्यात पांढरंशुभ्र, फेटलेलं काहीतरी होतं. माझं लोणी संपलं होतं, म्हणून मी विचारून घ्यायचं ठरवलं, पण विचारायचा धीर झाला नाही. थोडंसंच टोस्टला लावून खाल्लं. ते त्यांनी केसांसाठी केलेलं शिया बटर होतं. मी खालमानेने कबुली दिली तेव्हा आंटी इतक्या हसल्या की त्यांना खुर्ची धरावी लागली. मग गंभीर होऊन विचारलं, "चव कशी होती?" त्याच दिवशी त्यांनी माझ्याकडून मराठीत चिठ्ठ्या लिहून घेतल्या आणि विक्रीच्या प्रत्येक डबीवर चिकटवल्या: 'हे पोळीला लावू नये.' गिऱ्हाइकं विचारायची, हे काय लिहिलंय? आंटी सांगायच्या, "अनुभव लिहिलाय."

आंटी पूर्वी वृद्धाश्रमात काम करायच्या. मुलीच्या दाट, कुरळ्या केसांना चालेल असं इथल्या दुकानांत काही मिळेना, म्हणून स्वयंपाकघरात मलम करू लागल्या. मुलगी मोठी होऊन कॅनडाला गेली, मलम राहिलं आणि त्याचं दुकान झालं. कढईत त्या जवस उकळायच्या. त्याचा चिकट रस गाळून केसांना लावायच्या. मी आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "अगं बाई, मग चटणी कशाची करतात?" मी ते आंटींना सांगितलं, तर त्यांनी दुसऱ्या दिवशी मला पावशेर जवस बाजूला काढून दिले.

रविवारी दुकानात केस धुवायचा दिवस. नर्स, बस चालवणारी एक बाई, मुलींना घेऊन आलेल्या आया अशी सकाळपासून गर्दी. एकेक डोकं धुऊन, विंचरून, टाळूला लागून बारीक वेण्या घालायला तीन-तीन तास लागायचे. आणि आंटींचा एक नियम होता: शेवटचं डोकं होईपर्यंत कुणी घरी जायचं नाही. "खुर्चीत एकटं बसायला मी दुकान काढलंय का?" मग झालेल्या बायका बसायच्या, भात खायच्या, एकमेकींच्या सुनांना नावं ठेवायच्या. माझ्या डोक्याला आंटी पाच मिनिटांत तेल लावून द्यायच्या, पण नियमाने मला दिवसभर बसावं लागायचं. आठवड्यात तेवढाच एक दिवस माझ्या डोक्याला कुणाचा हात लागायचा.

हे लक्षात यायला मला फार उशीर लागला, की शेवटचं डोकं झालं की सगळ्या उठायच्या, आणि आंटींच्या डोक्याला सकाळी बांधलेलं फडकं तसंच असायचं.

"आणि तुमचे केस?" मी विचारलं.

"माझे मी करते. मागचं दिसत नाही, तर कुणाला दाखवायचंय?"

मी बळेच त्यांना खुर्चीत बसवलं आणि आई करते तशी टाळूपासून फणी ओढली. आंटी किंचाळल्या, "डोकं आहे बाई, नांगरतेस काय! टोकापासून वर ये. आधी ओले कर. घाई कुणाला आहे?"

घाई कुणालाच नव्हती. तेव्हापासून दर रविवारी शेवटचं डोकं आंटींचं, आणि ते मी करायचे. माझ्या वेण्या वाकड्या यायच्या. त्या आरशात बघून म्हणायच्या, "छान. रस्ता चुकला तरी पोचलीस."

मग मला खाली इंग्लंडात, मिल्टन कीन्सला नोकरी लागली. निघायच्या रविवारी दुकानात नेहमीपेक्षा गर्दी. आंटींच्या डोक्याला हात लावेपर्यंत चार वाजले आणि माझी ट्रेन साडेपाचची. उजवी बाजू झाली. डावीला सुरुवात केली तर त्यांनीच हात धरला. "ऊठ. गाडी चुकेल." त्यांनी फडकं बांधलं. मी बॅग घेऊन निघाले. तो नियम मोडणारी मी पहिलीच.

इथे माझ्या खोलीसमोर एक गोल चौक आहे. गाड्या त्याला वळसा घालून निघून जातात, थांबत कुणी नाही. रविवारी संध्याकाळी मी स्वतःच डोक्याला तेल लावते आणि आंटींना फोन करते. "झालं का डोकं?" असं विचारते.

"अर्धं झालंय," त्या म्हणतात.

सहा महिन्यांत त्यांनी ते केस कितीदा तरी धुतले असतील, पुन्हा वेण्या घातल्या असतील. मी तसं बोलून दाखवत नाही. त्याही नाही. पलीकडे कढईत जवस उकळल्याचा आवाज येत राहतो. बोलायचं संपतं, तरी मी फोन ठेवत नाही. शेवटचं डोकं अजून व्हायचंय.