सुरगाण्याच्या खळ्यावर घातलेला वारा

ही पोस्ट मी दीड महिना टाळली, हे आधीच कबूल करतो. पहिल्या आठवड्यात दंड दुखत होते म्हणून. दुसऱ्या आठवड्यात लोडशेडिंग होतं म्हणून. मग दोनदा नेट कॅफेत जाऊन बसलो आणि दोन्ही वेळा तासभर क्रिकेटचा स्कोअर बघून उठलो. खरं कारण वेगळं आहे, ते ओघात येईल. आज घरीच कागदावर लिहितोय, म्हणजे पळायला जागा नाही. मागच्या पोस्टखाली तिघांनी विचारलं होतं, "सापुताऱ्याचं काय झालं?" सापुताऱ्याला मी पोचलोच नाही.

निघालो होतो मात्र तिकडेच. झालं असं, की मला एक खूळ लागलं होतं. लोक बोलताना 'वारा' हा शब्द कुठेकुठे वापरतात ते मी जुन्या वहीच्या मागच्या पानांवर लिहीत होतो. सुरुवात घरातूनच झाली. आई म्हणाली, "ह्याच्या कानात वारं शिरलंय, वासरासारखा नुसता उधळतो." बाबा पेपरातून मान न काढता म्हणाले, "तूच वाऱ्यावर सोडलंयस त्याला." एका मिनिटात दोन मिळाले. दोनदा बारावी नापास झालेल्या माणसाला एवढी कमाई पुष्कळ. मग म्हटलं, डोंगरावर जाऊ, खरा वाराही खाऊ आणि शब्दही गोळा करू. नोव्हेंबर संपत आला होता, द्राक्षबागांत कामं सुरू व्हायची होती आणि मला तीन दिवस कुणी विचारणार नव्हतं.

सकाळी सातला नाशिकच्या सीबीएस स्टँडवरून एसटी पकडली. कुणाला जायचं असेल तर सांगतो, दिंडोरी, वणी, मग बोरगाव आणि पुढे सापुतारा. वणीपर्यंत रस्ता बरा, नंतर वळणं आणि खड्डे. बोरगावपर्यंतचं तिकीट पन्नासच्या आसपास पडलं. डाव्या बाजूची खिडकी धरा, डोंगर तिकडून छान दिसतात. मी धरली होती. वणी सोडल्यावर मागच्या आजोबांनी हात लांब करून माझीच काच सरकवली. "बाधतं रे वारं. तुझं काय, तू अजून तरणा." वहीत तिसरा. कंडक्टर तिकिटं फाडत पुढच्या कुणाशी तरी निवडणुकीच्या गप्पा मारत होता, कुणाचं वारं आहे आणि कुणाचं उतरलं. चौथा. बागा मागे पडल्या, तारा आणि मांडव संपले, आणि पिवळ्या पडलेल्या गवताचे उघडे उतार सुरू झाले.

बोरगावला चहाला उतरलो आणि बस निघून गेली. चूक माझीच. भजी गरम होती. टपरीसमोर सुरगाण्याकडे जाणारी जीप उभी होती, आत चौदा माणसं, बोनेटवर दोन. ड्रायव्हर मला म्हणाला, "आत जागा नाय. टपावर बसा, वारा फुकट." ज्याच्या वहीत असं वाक्य आपणहून येऊन पडतं त्याने काय करायचं? चढलो. (तुम्ही चढू नका. एका वळणावर मी खरोखर आईची आठवण काढली.)

टपावर माझ्या शेजारी रिकाम्या पोत्यांची वळकटी मांडीखाली घेऊन लक्ष्मण बसला होता. तिशीतला, बारीक, बोलायला मोकळा. नागली, म्हणजे नाचणी, भरायला पोती घ्यायला बोरगावला आला होता. मी कुठे चाललो असं त्याने विचारलं. मी म्हणालो, "नक्की नाही." त्याला त्यात काही विचित्र वाटलं नाही. "मग चला आमच्याकडं. भाकर खाऊन जा." अशा रीतीने मी मुख्य रस्त्यावर त्याच्याबरोबर उतरलो आणि दोन किलोमीटर पायवाटेने त्याच्या पाड्यावर गेलो. पाड्याचं नाव देत नाही, पंचवीस घरं आहेत, उगाच तिथे गर्दी नको.

घरात तिघं. लक्ष्मण, त्याची बायको जनी आणि आई. आईला सगळा पाडा सोमीआजी म्हणतो, मीही तेच म्हणायला लागलो. आजी दारात भिंतीला टेकून बसली होती, डावा हात मांडीवर ठेवलेला, दुसऱ्या कुणाचा असल्यासारखा. मी बघतोय हे तिला कळलं. "मागल्या पावसात अंगावरनं वारं गेलं," ती म्हणाली. "उजवा राखलान. भाकर मोडायला लागतो ना."

हे मी वहीत लिहिलं नाही. पेन काढलं होतं, परत खिशात ठेवलं.

जेवणात नागलीची भाकर, उडदाची आमटी आणि लसणाची चटणी, आणि ह्या तिन्हींपुढे सापुताऱ्याचं कुठलंही हॉटेल चालणार नाही. जेवल्यावर जनी मला खळं दाखवायला घेऊन गेली. घरामागे शेणाने सारवलेलं गोल अंगण, त्यावर मळलेल्या नागलीचा ढीग, दाणा आणि भूस एकत्र. मी कौतुकाने पुढे पाऊल टाकलं.

"भाऊ, चपला," जनी म्हणाली.

मी मागे सरून चपला काढल्या, पुन्हा आत गेलो आणि म्हणालो, "वारा कधी सुटतो इथे?"

जनीने जीभ चावली. मागून काठी टेकत आजी आली होती, तिने ऐकलं. "खळ्यावर त्याचं नाव घेत नाय पोऱ्या. नाव घेतलं का रुसतो."

मग मला समजलं की दुपारपासून हे लोक 'तो' म्हणत होते ते कुणा पाहुण्याला नाही. 'तो सकाळी नाय आला', 'तो कालपण नाय आला' असं चाललं होतं. सुपातून नागली उंचावरून सोडायची, भूस उडून बाजूला जातं, दाणा पायाशी पडतो. त्याला उपणणं म्हणतात, आणि ते ह्या महाशयांशिवाय होत नाही. तीन दिवस झाडाचं पान हललं नव्हतं.

हे एवढं जिवाला का लागलं होतं, ते लक्ष्मणने विहिरीवर सांगितलं. उद्या सकाळी मुकादमाची जीप येणार होती. दिंडोरीकडच्या एका बागेत छाटणी, बांधणी, पुढे तोडणी, होळीपर्यंतचं काम. मुकादम जोडीच घेतो, नवरा-बायको, एकट्याला नाही. आणि त्याआधी नागली उपणून कणगीत पडली नाही, तर आजीला खायला काय? एका हाताने ती उपणू शकत नाही. मग जनीला मागे राहावं लागणार, आणि जनी राहिली म्हणजे लक्ष्मणही राहणार. दोघांचं वर्ष त्या ढिगात अडकलेलं.

"आईला घेऊन का जात नाही?" मी विचारलं.

"येत नाय. म्हणते, बागेत पालात राहून मरायचं, त्यापेक्षा माझ्या दाराशी बसते." तो दोर ओढत राहिला. "इचारलं चार येळा."

चार वाजले तरी 'तो' आला नाही. शेवटी लक्ष्मण म्हणाला, "आपणच घालू." माझ्या सॅकमध्ये एक सोलापुरी चादर होती, जाडजूड, आईने जबरदस्तीने कोंबलेली. तिची दोन टोकं मी धरली, दोन जनीने. लक्ष्मण दगडावर चढून सुपातून धार सोडायचा आणि आम्ही समोरून चादर जोरात खाली आपटायचो, पुन्हा वर, पुन्हा खाली. वाचायला सोपं वाटतं. पहिल्या पाच मिनिटांत मी उत्साहाने एवढी चादर झटकली की दाणेसुद्धा भुसात गेले.

"अरे, गोधडी झटकतोस का?" आजी ओरडली. "हळू. आजारी पोराला घालतात तसा."

आजारी पोराला घालतात तसा. मग जमलं. धारेतून भूस अलगद बाजूला व्हायला लागलं आणि खाली तांबूस दाण्यांचा छोटा डोंगर वाढू लागला, मोहरीएवढे दाणे, पायाला गुदगुल्या करणारे. आजी खाली बसून उजव्या हातातल्या डहाळीने दाण्यांवर राहिलेलं भूस हलकेच झाडत होती. सगळ्यांत जास्त घाई तिला होती. आम्ही थांबलो की ती म्हणायची, "झालं काय? दमली काय शहराची हाडं?"

जनी मात्र कमी बोलत होती. एकदा तिचं टोक हातातून सुटलं, ती वाकली आणि उचलायला जरा जास्तच वेळ लावला. "नाय झालं तर मी राहीन," ती हळूच म्हणाली, माझ्याकडे न बघता. "मला काय. मी राहीन."

आजीने ऐकलं. कान शाबूत होते. "राहून काय करशील? माझं तोंड बघशील?"

"बघेन."

"माझं तोंड मी बघितलंय, लय बघण्यासारखं नाय. चादर धर."

जनी हसली आणि चादर धरली. मीपण हसलो. अंधार पडायच्या आत सहा पोती भरली. खाली एक पाटीभर भूस-दाणा मिसळलेला राहिला, तो आजी म्हणाली, कोंबड्यांना. पहिलं पोतं कणगीत रिकामं करताना तिने पसाभर दाणे माझ्या हातावर ठेवले, तोंडात टाक म्हणाली. कच्ची नागली दातात कुरकुरते, बाकी चव नाही.

सकाळी जीप वेळेवर आली. जनीने भांडी, गोधडी, एक पत्र्याची पेटी चढवली. मीही त्यांच्याबरोबरच दिंडोरीपर्यंत निघालो. जीप सुरू व्हायच्या आधी जनी उतरली, धावत आत गेली आणि आजीच्या बिछान्याशेजारी पाण्याचा हंडा सरकवून आली, उजव्या हाताला येईल असा. आजी दारातून उठली नाही. पाडा दिसेनासा झाला तेव्हा झाडं हलायला लागली होती. छान, गार, सरळ समोरून येत होता. लक्ष्मणने शर्टाचं वरचं बटण लावलं.

दिंडोरीला मी त्याला चिठ्ठीवर घरचा फोन नंबर लिहून दिला आणि नाशिकची एसटी धरली.

आता टाळत होतो ते. घरी आल्यावर मी सगळ्यांना ही गोष्ट मोठ्या रंगात सांगितली, चादरीचं प्रात्यक्षिकसुद्धा करून दाखवलं. मित्र हसले. आई हसली नाही. ती म्हणाली, "मग म्हातारीजवळ कोण आहे आता?"

मी म्हणालो, पाडा आहे की. शेजारी आहेत. पण त्या रात्री आणि नंतरच्या बऱ्याच रात्री मला तोच हिशेब येत राहिला. आम्ही ती चादर झटकली नसती तर नागली तशीच पडली असती, आणि जनी तिथे राहिली असती, आजीचं न बघण्यासारखं तोंड बघत. त्यांचं वर्ष बुडालं असतं, तेही खरं. मी तिथे शब्द गोळा करायला गेलो होतो आणि चांगलं काम करून आलो, एका बाईला चार महिने एकटं बसवण्याचं. तिला तेच हवं होतं म्हणा. ती स्वतः डहाळी घेऊन बसली होती. पण तिला हवं होतं म्हणून ते बरोबर ठरतं का, हे मला लिहूनही कळत नाहीये. वही तेव्हापासून उघडलेली नाही. शेवटची नोंद जीपवाल्याचीच आहे.

जायचं असेल त्यांनी जरूर जा. नोव्हेंबर-डिसेंबर उत्तम. पाड्यांवर जाताना चहा-साखर न्या, कुणाच्या खळ्यावर पाय ठेवण्याआधी विचारा, आणि काम दिसलं तर करा, पण आधी ते कशासाठी चाललंय हेही विचारा. मी शेवटी विचारलं, विहिरीवर, आणि तरीही

इथे थांबलो होतो, कारण फोन वाजला. आईने उचलला आणि म्हणाली, "कुणी लक्ष्मण आहे. दिंडोरीकडून. बागेसमोरच्या टपरीतल्या एक रुपयावाल्या डब्यावरून बोलतोय, लवकर ये."

मी धावत जाऊन रिसीव्हर घेतला. "काय झालं? आजी?"

"आली," तो म्हणाला.

"कुठे आली?"

"इथं. बागेवर. आत्ताच, अर्धा तास झाला. एकटीच. सुरगाण्याच्या येष्टीत बसली, कंडक्टरनं दिंडोरीला धरून उतरवली, तिथनं दूधवाल्याच्या गाडीवर. पायलीभर नागली बांधून आणलीय."

"बरी आहे ना?"

"बरी हाय. मी इचारलं, येणार नव्हतीस ना? तर म्हणते, घर लय गप झालं होतं." डब्याने टुंऽ केलं, त्याने दुसरं नाणं टाकलं असावं. "जनीला बोलवू का फोनवर?"

"बोलाव."

त्याने हाक मारली, पण जनी आली नाही. फोन तसाच उघडा होता आणि मागून लांबून दोन बायका एकाच वेळी बोलत होत्या, कुणीच कुणाला बोलू देत नव्हतं.