मामेसासऱ्यांची शिटी

माझ्या मामेसासऱ्यांइतका कमी बसलेला माणूस अख्ख्या उपनगरांत शोधून सापडायचा नाही. ते चहा उभ्याने पितात, पेपर उभ्याने वाचतात, टीव्हीवरची मॅच एक पाय दाराबाहेर ठेवून बघतात आणि कुणाकडे गेले की समोरच्याने 'बसा' म्हणेपर्यंत निघालेले असतात. मामी गेली चाळीस वर्षं बशीत चहा ओतून "वायच बसा ओ" म्हणतायत आणि मामा गेली चाळीस वर्षं ती बशी खिडकीपाशी नेऊन, दोन घोटांत संपवून, चपला शोधतायत. त्यांच्या गोरेगावच्या घरातल्या सोफ्याला एका बाजूला खड्डा पडलाय, तो मामींचा. दुसरी बाजू अजून कालच दुकानातून आणल्यासारखी आहे.

नोकरीही त्यांना अशीच मिळाली. ते बस डेपोत स्टार्टर होते. डेपोच्या तोंडाशी उभं राहायचं, कुठली गाडी किती वाजता सुटणार ते बघायचं आणि ड्रायव्हर चहाच्या टपरीवर रेंगाळला तर शिटी फुंकायची, हे त्यांचं काम. ते निवृत्त झाले तरी शिटी काही निवृत्त झाली नाही. काळ्या दोरीत ओवलेली ती पितळी शिटी गळ्यात, खिशात दोन पेनं, हातात पॅड, अशा थाटात ते दातांच्या डॉक्टरकडे गेले आणि तिथल्या पेशंटांचे नंबर नव्याने लावून आले. माझ्या लग्नात मंगलाष्टकं लांबली तेव्हा अंतरपाटाच्या पलीकडून शिटी वाजली होती आणि पाठोपाठ आवाज आला होता, "भटजीबुवा, चार मिन्टां लेट आसात तुमी!" हे माझ्या सासरचं पहिलं दर्शन. मी घाबरून वेळेआधीच हार घातला, असं माझा नवरा अजून सगळ्यांना सांगतो. ते खरं आहे.

निवृत्तीनंतर मामा सकाळी आरे कॉलनीत फिरायला जायला लागले. एक दिवस एक लंगडं कुत्रं त्यांच्या मागे लागलं. त्याला घेऊन ते विचारत विचारत एका कुत्र्यांच्या शेल्टरवर पोचले. जुन्या म्हशींच्या गोठ्यात आजूबाजूच्या चार-पाच जणांनी मिळून चालवलेलं हे शेल्टर. वीस-बावीस कुत्री, गाडीखाली सापडलेली, मालकांनी सोडून दिलेली, म्हातारी. ती सांभाळणाऱ्या बाईंना सगळे ताई म्हणतात. मामा पोचले तेव्हा फिरवायची वेळ होती, सगळे पिंजरे एकदम उघडले होते आणि पट्ट्यांचा नुसता गुंता झाला होता. "ह्या काय? सगळे एकदमच सुटतत?" मामा कळवळले. पुढच्या रविवारी ते जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर आखलेलं वेळापत्रक घेऊन हजर! कुत्रं सापडलं त्या बसस्टॉपचं नाव त्याला दिलेलं: सात दहाला दिंडोशी, सात वीसला चेकनाका, साडेसातला पिकनिक पॉइंट. शिटी वाजली की पिंजरा उघडायचा, दुसरी वाजली की परत फिरायचं. ताई आधी हसल्या. मग दोन रविवारांत कुत्रीच शिटी वाजायच्या आधी दाराशी येऊन उभी राहायला लागली, तेव्हा त्यांनी ते कॅलेंडर भिंतीवर खिळ्याने ठोकलं.

मला यात ओढलं ते असंच. आठवडाभर ऑफिसात मान मोडून काम केल्यावर रविवारी नऊपर्यंत झोपायचं, एवढीच माझी महत्त्वाकांक्षा होती. पण सहाला खालून शिटी. "काय गो, अजून निजलंस? चेकनाका कोण फिरवतला?" सगळी सोसायटी खिडकीत! तिसऱ्या वेळी मी मुकाट खाली उतरले, ती आजतागायत उतरतेय. गोचीड काढते, भात कालवते, फरशा धुते. मलाही आता रविवारी सहानंतर गादी टोचते. ही माणसं संसर्गजन्य असतात.

सगळं वेळेवर चाललं होतं, एक सोडून. मढच्या एका बंगल्यात मालक कुत्रं सोडून निघून गेले, बंगला शूटिंगला दिला गेला आणि ते तपकिरी, आठेक वर्षांचं कुत्रं आमच्याकडे आलं. आलं ते पिंजऱ्याच्या मागच्या कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून बसलं. दार उघडं ठेवा, चिकन ठेवा, ते हलायचं नाही. ही गाडी सुटतच नाही म्हणून मामांनी त्याचं नाव ठेवलं डेपो आणि वेळ दिली दहाची. दर रविवारी दहाच्या ठोक्याला ते पिंजऱ्यासमोर उभं राहून जोरात शिटी फुंकायचे, पाच मिनिटं येरझारा घालायचे, पुन्हा फुंकायचे आणि पॅडवर लिहायचे, 'रद्द'. असे सहा रविवार गेले. डॉक्टर म्हणाले, असाच बसून राहिला तर मागचे पाय जातील.

त्यात मुलुंडच्या एक निवृत्त शिक्षिका आल्या. एकट्याच राहणाऱ्या, शांत बाई. "मला धावणारं कुत्रं झेपायचं नाही हो," त्या म्हणाल्या. "माझ्या गुडघ्यांना साजेल असं एखादं द्या." त्यांना डेपो आवडला, पाठमोराच. पण ताईंचा नियम कडक: कुत्रं स्वतःच्या पायांनी दाराबाहेर आलं तरच द्यायचं. ओढून नेलेलं कुत्रं नव्या घरातही कोपरा धरतं, हे त्यांनी खूपदा पाहिलंय. बाई म्हणाल्या, महिन्याच्या शेवटच्या रविवारी येते, नाहीच आला तर दुसरं बघू. आठ वर्षांच्या कुत्र्याला दुसऱ्यांदा कुणी विचारत नाही, हे आम्हाला सगळ्यांना माहीत होतं. मामांचा जीव टांगणीला लागला. आता ते दहाला तीनदा शिटी मारायला लागले.

मी तेव्हा शेजारचा पिंजरा धूत होते, म्हणून मला दिसलं. शिटी वाजली की डेपोचे कान डोक्याला चिकटायचे आणि तो भिंतीत अजून शिरायचा. मी ताईंना विचारलं. त्या म्हणाल्या, बंगल्यावरचा शूटिंगचा वॉचमन त्याला शिटी मारून हाकलायचा. रोज. मला ताई आधी का बोलल्या नाहीत म्हणून राग आला, मग लक्षात आलं, मामांना शिटी वाजवू नका म्हणायचं कुणी? ते माझ्यावर आलं. गेटपाशी गाठून मी एका दमात सांगून टाकलं.

मामा जागच्या जागी थांबले. ते थांबलेले मी पहिल्यांदाच पाहत होते. "म्हणजे तो माका भियत होतो?" त्यांनी विचारलं. त्यांनी गळ्यातली दोरी काढली, शिटी हातरुमालात गुंडाळली आणि माझ्या हातात दिली. "तुझ्याकडे ठेव गो. माझ्याकडे रवली तर वाजतली."

शेवटच्या रविवारी सगळ्या वेळापत्रकाची वाट लागली. शिटी नाही म्हटल्यावर दिंडोशी सुटायलाच तयार नाही, पिकनिक पॉइंट परतायला तयार नाही. मामांनी तिकडे पाहिलंही नाही. दहाला त्यांनी एक बादली उपडी घातली, डेपोच्या उघड्या दारासमोर ठेवली आणि तिच्यावर बसले, त्याच्याकडे पाठ करून. बसले! मुलुंडच्या बाई आल्या, त्याही पायरीवर टेकल्या. मामांचा एक पाय सारखा थरथरत होता, बोटं मांडीवर ताल धरत होती, नजर घड्याळाकडे जाऊन परत येत होती. मलाच बघवेना. मी जवळ जाऊन म्हटलं, "मामा, तुम्ही उठा, मी बसते." तर म्हणाले, "येतलो गो तो. घाई कसली?" या माणसाच्या तोंडून हे वाक्य!

किती वेळ गेला कोण जाणे. हळूहळू मामांचा पाय थांबला, बोटंही थांबली. आणि मागून नखांचा टकटक आवाज आला. डेपो दारात आला, थबकला, बाहेर उतरला. त्याने मामांची चप्पल हुंगली, पाठ हुंगली आणि त्यांच्या शेजारी जमिनीवर बसकण मारली. कुणी हललं नाही. मामांनी सवयीने घड्याळ बघितलं. "दहा त्रेपन्न," ते पुटपुटले. मग पॅड उघडलं, पेन काढलं आणि काहीच न लिहिता मिटलं. "लेट नाय हां तो," ते आम्हाला सगळ्यांना बजावून म्हणाले. डोळे मात्र भरले होते.

डेपो त्याच दिवशी रिक्षातून मुलुंडला गेला. बाई अधूनमधून फोटो पाठवतात. आता तो बाल्कनीत बसतो, रस्त्याकडे तोंड करून.

परवा सकाळी मामींचा फोन आला, आवाज कापरा. "अगो, लवकर ये. ह्यांका काय झाला ता बघ. बसान आसत!" मी धावतच गेले. मामा सोफ्याच्या त्या न वापरलेल्या टोकाला बसून बशीतून चहा पीत होते. ताप नाही, दुखणं नाही. मामी बाजूला अंग चोरून बसल्या होत्या, जरा आवाज झाला तर हे उठून जातील अशा. "तुझी मामी सांगत होती, वायच बसा," मामा म्हणाले. "चाळीस वर्सां सांगत होती. त्या कुत्र्याक त्रेपन्न मिन्टां दिलंय मी. हिका कधी पाच नाय दिली." मामी पदराने उगाचच टीपॉय पुसत राहिल्या.

मला आनंद व्हायला हवा होता, झालाही. पण खिडकीतल्या उजेडात ते एकदम म्हातारे दिसले. इतकी वर्षं त्यांचं वय त्यांना गाठू शकत नव्हतं, ते थांबत नव्हते म्हणून. शिटी माझ्या पर्समध्ये होती, अजूनही असते. एकदा वाटलं, काढावी आणि फुंकावी. ते ताडकन उठतील, चपला शोधतील, चेकनाक्याला उशीर झाला म्हणून माझ्यावर ओरडतील. हात पर्समध्ये गेलासुद्धा. तेवढ्यात मामींनी त्यांच्या बशीत अजून थोडा चहा ओतला, आणि मी पर्सची चेन लावून टाकली.