उत्तरेकडे तोंड केलेली अँटेना

आमचे हे गेल्यापासून गच्चीवरचा रेडिओचा टॉवर तसाच उभा आहे. वारा सुटला की मला भीती वाटते. म्हणून आज सकाळी तो उतरवायला यांचे हॅम रेडिओवाले, म्हणजे घरच्या रेडिओवरून जगभर बोलणारे, मित्र वाघ भाऊजी ओझरहून आले.

टॉवर धरून ठेवणाऱ्या ताणाच्या तारा सोडण्याआधी त्यांनी वर पाहिलं. "वहिनी, अँटेना अजून कॅनडाकडेच आहे."

"ती तर उत्तरेला आहे. कॅनडा पश्चिमेला ना? आमची लेक असते तिथे."

"पृथ्वी गोल आहे वहिनी, भूगोल विसरलात? इथून उत्तरेचाच रस्ता जवळचा. तुमच्या लेकीच्या गावात एक आजोबा आहेत, रेडिओवाले. सुधाकर त्यांना रोज विचारायचा, आज बर्फ किती पडलं? लेकीला सारखा फोन केला तर चिडते म्हणायचा."

मला वाटायचं, हे तिची कधी चौकशीच करत नाहीत.

"मग, सोडू का तारा?"

"नको. नीट आवळून द्या."

आता त्या आजोबांशी मला बोलायचं आहे, पण त्याला परीक्षा देऊन लायसन्स घ्यावं लागतं म्हणे. तुमच्यापैकी कोणी साठीनंतर ती दिली आहे का? अभ्यास कुठून सुरू करू?