रंगपटाचं दार

माझ्या पीएच.डी.चा विषय ऐकला की आमच्याकडची माणसं हमखास विचारायची, "ह्याचा हितं काय उपेग?" विचारणाऱ्यानं स्वतः उस्मानाबादी शेळीवर पीएच.डी. केलेली असायची आणि जन्मात कधी शेळीच्या कासेला हात लावलेला नसायचा.

माझा विषय होता इंग्लंडची जुनी रंगभूमी. तिकडं बरीच वर्षं नाटकं बंद पाडलेली होती. मग राजा परत गादीवर आला, थिएटरं उघडली आणि बायकांची कामं पहिल्यांदाच बायका करायला लागल्या. तिथपासून पुढची शंभर-सव्वाशे वर्षं मी घेतली होती. त्यातही मला हवा होता रंगपट, म्हणजे नट्या जिथं कपडे बदलतात, तोंडाला रंग लावतात ती खोली. जुन्या कागदपत्रांच्या स्कॅन केलेल्या प्रती मी गच्चीवर, रेंज येईल त्या कोपऱ्यात बसून मोबाईलवर उतरवून घ्यायची.

मी तेव्हा कॉलेजात तासिका तत्त्वावर इंग्रजी शिकवत होते. स्टाफरूममधल्या संशोधनाबद्दल काय सांगावं! एका सरांनी दुसऱ्याच कुणाचा तरी प्रबंध घेतला आणि 'सांगली' काढून 'उस्मानाबाद' टाकलं. प्रबंध जमा करायच्या आत जिल्ह्याचं नाव बदललं, तेव्हा 'उस्मानाबाद' काढून 'धाराशिव' टाकलं. एवढंच काय ते त्यांनी स्वतःच्या हातानं केलेलं काम. त्यातही एका पानावर कृष्णेचा पूर तसाच राहिला. आमच्याकडं उन्हाळ्यात माणसं टँकरच्या मागं पळतात आणि ह्यांच्या प्रबंधात आमच्याच बेंबळीच्या शिवारात कृष्णेचं पाणी शिरलेलं. त्या सरांना आता सगळे डॉक्टर म्हणतात. मीही म्हणायची, तोंड वाकडं करून.

माझे गाईड त्यांच्याही पुढचे. त्यांनी माझं एकही प्रकरण वाचलं नाही. फोन केला की विचारायचे, "पानं किती झाली?" मी सांगायची. "आणखी थोडी वाढवा," म्हणायचे आणि ठेवून द्यायचे.

पण मला एक गोष्ट सापडली होती आणि ती माझी स्वतःची होती. रंगपटात परक्या माणसानं जाऊ नये असा सरकारी हुकूम तिकडं निघाला होता. काही वर्षांनी तोच हुकूम परत निघाला, मग आणखी एकदा. हुकूम पुन्हा पुन्हा काढावा लागतो म्हणजे तो कुणी पाळत नव्हतं. बडी माणसं प्रयोग चालू असताना सरळ आत जाऊन बसायची, नटीला कपडे चढवताना बघायची, वर तिच्याशी थट्टा करायची. मी हे वाचायची आणि त्या उमरावांना मनसोक्त शिव्या द्यायची. लाळघोटे मेले! तीनशे वर्षांपूर्वी मेलेल्या माणसाचा राग करायला काही लागत नाही, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही.

एक दिवस गाईडनी फोनवर नवीन फर्मान काढलं, "मॅडम, स्थानिक तुलना टाका. काहीतरी फील्डवर्क दाखवा." मी गावच्या जत्रेतलं नाटक धरलं.

आमचं गाव येडशीपासून जवळच. जत्रेत दरवर्षी नाटक होतं, आणि ते मी दरवर्षी नाक मुरडत बघितलेलं. एक दुष्ट पाटील, एक आंधळी होणारी आई, एक फौजदार झालेला भाऊ. पुरुषांची कामं गावातलेच करतात. पाठांतर एकाचंही नसतं. विंगेतून वाक्यं सांगणाऱ्याचाच आवाज नटांपेक्षा मोठा. मधेच प्रयोग थांबवून माईकवर बक्षिसं पुकारतात. मेलेली आई उठून बसते, हात जोडते आणि परत मरते. नटी मात्र बाहेरून आणायची असते. तिला असली पाच-पंचवीस नाटकं तोंडपाठ असतात. ती दुपारी येते, एक उभी तालीम घेते, काम करते आणि सकाळी निघून जाते.

त्या वर्षी कुर्डुवाडीकडची एक बाई ठरली होती. चाळिशीची असेल. माझे थोरले काका जत्रा कमिटीचे कारभारी. ते माझ्याकडं फणफणत आले.

"नटीचे नखरे आईक! म्हणती, पैसे कमी द्या चालंल, पन खोलीला आतून कडी पायजे. आता शाळंच्या खोलीला कुठली आतून कडी?"

खरंच नव्हती. पोरं कोंडून घेतील म्हणून शाळेच्या दारांना कडी बाहेरूनच असते, आणि गावाचा रंगपट म्हणजे जिल्हा परिषद शाळेची तिसरीची खोली. मी म्हणाले, "काका, मी बसते की दाराशी." मला वाटलं, वा, फील्डवर्क आपोआप दारात चालून आलं.

बाई दुपारी आली. तालीम घेतली. नाटकातल्या फौजदाराला दोनदा झापलं, "ओ साहेब, माझ्याकडं बघून बोला, विंगंकडं काय बघताय!" मला बरं वाटलं. अंधार पडायच्या सुमाराला ती खोलीत तयारीला बसली. मी माझी ओळख दिली, अभ्यास सांगितला. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "ताई, तुमी शिकलेल्या हाव, तुमाला सांगते. मागल्या साली एका गावात मी लुगडं बदलताना कुणीतरी मोबाईलवर घेतलं. ते फिरत फिरत माझ्या पोरीच्या फोनवर आलं. पोरगी बारावीला हाय. आठ दिवस बोलली न्हाय माझ्यासंगं. मी हे काम सोडनारच होते, पन सोडून खायचं काय? दारात कुणी बाई बसत आसंल तरच जाते आता."

"तुम्ही निवांत आवरा," मी म्हणाले. "मी असेपर्यंत कुणी आत येत नाही."

हे मी अगदी मनापासून म्हणाले. दार ओढून घेतलं, बाहेर खुर्ची टाकून बसले. गावातली चार-दोन टवाळ पोरं घुटमळत होती, त्यांना असं झाडलं की परत फिरकली नाहीत. एक कमिटी मेंबर "नारळ ठेवायचाय" म्हणत आला, त्यालाही वाटेला लावलं. मला फार भारी वाटत होतं. तिकडच्या एकाही थिएटरला जे जमलं नाही ते मी एकटी करून दाखवत होते!

मग आमच्या संस्थेचे अध्यक्ष आले. संस्था म्हणजे मी शिकवत होते ते कॉलेज ज्यांचं, ती. जत्रेला त्यांना पाहुणे म्हणून बोलावलं होतं. पांढरे कपडे, गळ्यात जाड सोनं, मागं सात-आठ माणसं आणि त्यातल्या प्रत्येकाच्या हातात मोबाईल. काका पुढं होऊन वाकत वाकत वाट दाखवत होते. वावरात गड्यांवर गरजणारा माणूस, पण तिथं नुसता लोण्याचा गोळा झाला होता.

"दार उघड गं," काका म्हणाले. "साहेबांना बाईंचा सत्कार करायचाय. शाल आनली हाय."

"काका, त्या कपडे बदलतायत. स्टेजवर करा की सत्कार."

"स्टेजवर व्हईलच. हे जरा घरगुती."

घरगुती! सात-आठ मोबाईल घेऊन! मी खुर्चीवरून उठले नाही. तेव्हा अध्यक्षांनी माझ्याकडं पहिल्यांदाच नीट बघितलं. ते ना ओरडले, ना धमकी दिली. एवढंच म्हणाले, "मॅडम, तुम्ही आपल्याच कॉलेजला ना? इंग्रजीची जागा भरायचीय औंदा."

माझा हात कुणी धरला नाही. मला कुणी बाजूला ढकललं नाही. मी स्वतः उठले, खुर्ची सरकवली, दारावर टकटक केलं आणि "बाई, पाहुणे आलेत हं," असं गोड आवाजात म्हणत, तिच्या "थांबा, थांबा" कडं लक्ष न देता दार उघडलं.

पदर लावायचा राहिला होता. तिनं दोन्ही हात छातीशी घेतले. हसत हसत सगळे आत शिरले. "बसा बसा, आवरा तुमचं, आमी घरचेच हाव," असं कुणीतरी म्हणालं आणि फोनचे लाईट चमकायला लागले. तिनं मिनिटभरात पदर घेतला, शाल घेतली, वाकून नमस्कार केला. मी दाराला धरून उभी होते. तिनं माझ्याकडं एकदाच बघितलं. त्या बघण्यात राग नव्हता. राग असता तर मी निभावून नेलं असतं.

नाटक रंगलं. तिनं झोकात काम केलं.

सकाळी काकांनी मलाच पिटाळलं, "तिला येडशीच्या स्टेशनवर सोडून ये." तिला स्कूटीवर मागं बसवून स्टेशनात आणलं. गाडी यायला अवकाश होता. आता कुठल्याही साध्या बाईनं तिथं माफी मागितली असती. मी पिशवीतून प्रश्नावली काढली. सगळ्या माहितीदारांना सगळे प्रश्न त्याच क्रमानं विचारायचे असतात, एकही गाळायचा नसतो, हे मी शिकलेलं. तिचं शिक्षण विचारलं, नाटकं किती केली विचारलं, प्रवासाची सोय विचारली. ती शांतपणे सांगत गेली. सातवा प्रश्न माझ्याच हातानं लिहिलेला होता: रंगपटात परक्या पुरुषांना कोण सोडतं? तोही मी वाचला.

ती म्हणाली, "गडीमानसं सवता दार उघडत न्हाईत ताई. त्यांना उघडून लागतं. बगायला गेलं तर दर गावात तुमच्यासारखी एक बाई असतीच."

मी ते लिहून घेतलं. खरंच सांगते, शब्दन् शब्द लिहून घेतला, आणि लिहिताना मनात आलं, काय सुंदर वाक्य आहे! असली मी.

गाडी दिसली तशी ती उठली. मग माझा हात धरला. "झालं ते झालं. पन एक करा. रातीचे ते फोटो पुसायला लावा. तुमी त्यांच्या वळखीच्या हाव. पदर घ्यायच्या आदी काडलेले आसतील तर माझ्या पोरीपतूर जायला नकोत. एवढंच करा."

"करते," मी म्हणाले, तिला माझा नंबरही दिला. "नक्की करते."

दोन दिवसांनी मी अध्यक्षांच्या ऑफिसात गेले. फोटो काढणारा त्यांचा माणूस बाहेरच बसलेला होता, चहा फुर्र करून पीत. वाटेत मी वाक्य जुळवत आले होते. पण आदल्याच दिवशी गाईडचा फोन येऊन गेला होता, "मॅडम, फील्डवर्क म्हटलं की परिशिष्टात फोटो पाहिजेत, नुसत्या शब्दांवर कुणी विश्वास ठेवत नाही." आणि रंगपटातला माझ्याकडं एकही फोटो नव्हता. मी त्या माणसासमोर उभी राहिले, मोबाईलकडं बोट केलं आणि म्हणाले, "जत्रेतले ते फोटो मलाही पाठवा ना."

"का न्हाय मॅडम," म्हणून त्यानं तिथल्या तिथं सगळे पाठवले. एकही पुसला नाही. पुसायला त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

तिचे नंतर तीन फोन आले. मी उचलले नाहीत. चौथा आला नाही.

प्रबंधात मी त्यातल्या त्यात बरा फोटो लावला; तिच्या डोळ्यांवर काळी पट्टी मारली, संशोधनाची नीतिमत्ता म्हणून. आहे ना नीतिमत्ता! डोळे झाकले, बाकी बाई कुणालाही ओळखू यावी अशी. खाली लिहिलं, 'रंगपटातील अभिनेत्री, प्रयोगापूर्वी.' तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी प्रकरणं चाळली नाहीत. शेवटून पानं उलटली, तो फोटो बघितला, बराच वेळ बघितला आणि म्हणाले, "याला म्हणतात फील्डवर्क." इंग्लंडच्या हुकमाबद्दल, म्हणजे मला एकटीला सापडलेल्या त्या गोष्टीबद्दल, कुणी एक शब्द विचारला नाही. गाईडनी पेढे वाटले, ते मीच आणलेले होते. पुढच्या महिन्यात इंग्रजीची जागा भरली. मी लागले.

हल्ली प्रबंध इंटरनेटवर टाकावाच लागतो. माझाही टाकलेला आहे. कुणीही, कुठूनही, फुकट उतरवून घेऊ शकतो. वर आकडा दिसतो, किती जणांनी उतरवला त्याचा. शेळीवाल्यांपेक्षा माझा आकडा मोठा आहे, आणि जुन्या इंग्लंडच्या रंगभूमीचं एवढं प्रेम आपल्या लोकांना कुठून आलं हे न कळण्याइतकी मी खुळी नाही. तो प्रबंध काढून टाका असा अर्ज विद्यापीठाकडं करता येतो. फॉर्म साधा आहे, एका पानाचा. मी तो भरायला बऱ्याचदा बसले. नाव लिहिते, विषय लिहिते, पद लिहिते. खाली 'कारण' असा रकाना आहे. तिथं आले की मी पेन खाली ठेवते.