मालक बदलला, टोळी तीच

राहीबाई खाली उतरल्याला दोन दिवाळ्या झाल्या. घणसोलीच्या माथाडी वसाहतीत चौथा मजला, लिफ्ट नाही, आणि दोन्ही गुडघे असे की जिन्याचं नाव काढलं तरी ठणकायचे. भाजी घ्यायची तर खिडकीतून दोरीला पिशवी सोडायची. खालून भाजीवाली विचारायची, "मावशी, मेथी जरा जून हाय, टाकू का?"

"जून मेथी तुज्या सासूला घाल. मला पालक दे."

पिशवी वर यायची. बाहेरचं जे काय घरात यायचं ते असं, दोरीनं.

हौसेराव जगदाळ्यांनी बायकोला शब्द दिला होता, लिफ्टचं घर घेईन. पैसे कुठून, तर धवलतारातून.

धवलतारा केमिकल्स ही तळोज्याची कंपनी. हौसेराव पाटणकडचे. तुर्भ्याच्या धान्य बाजारात उमर पोती वाहण्यात गेली, मानेवर अजून घट्टा आहे. गाळ्यावरचा शेठ शेअरबाजाराचा गुलाबी पेपर वाचून बाकड्यावर टाकायचा, त्यावर हमालांच्या टोळीचा चहा-पाव व्हायचा, आणि पाव खाता खाता हौसेराव शेजारच्या माणसाला मथळ्यांचा अर्थ विचारायचे. असं करत करत गोडी लागली. पण पेपरापेक्षा त्यांचा विश्वास गाडीच्या कमानपाट्यांवर. भरल्या गाडीचे पाटे दबून सपाट होतात, रिकामीचे कमान धरून उभे राहतात, वरून ताडपत्री कितीही फुगवून बांधा. तळोज्याला मेहुण्याकडं जाता-येता त्यांनी धवलताराचं गेट पाहिलं होतं. बाहेर पडणारी एकूण एक गाडी दबलेली.

"माल उठतोय. बास," ते म्हणाले आणि पोराकडून खातं उघडून घेतलं. बोनस मिळाला की थोडे शेअर घ्यायचे, विकायचं नाव नाही. बाजार पडला की टोळीतला गोटीराम चिडवायचा, "काय जगदाळे, आज किती टनानं खाली आलासा?" हौसेराव हसायचे. "लावलेला आंबा रोज उकरून बगत्यात व्हय रं?"

भाव चांगला चढला तेव्हाही त्यांनी विकले नाहीत. मग कंपनीनं परराज्यात दुसरा कारखाना काढायला कर्ज उचललं. तो कारखाना काही उभा राहिला नाही, कर्ज मात्र राहिलं. बँका दिवाळखोरीच्या लवादाकडे गेल्या, भाव कोसळला. हौसेराव परत तळोज्याला जाऊन आले. गाड्या पहिल्यासारख्याच दबलेल्या. ते निश्चिंत झाले.

आणि मग पेपरात बातमी आली: धवलतारा केमिकल्सला नवा मालक, लवादाच्या मंजुरीची प्रतीक्षा.

हौसेरावांनी ती राहीबाईंना मोठ्यानं वाचून दाखवली. शेवटाकडं जुन्या भागधारकांच्या हाती काही लागणार नाही, अशी एक ओळ होती. जुना भागधारक म्हणजे जुना मालक, दुसरं कोण? त्यानंच तर कर्ज केलं होतं. हौसेरावांनी चष्मा काढला.

"आता दिस पालटलं बग, राहे."

"लिफ्टला आरसा आसतो म्हनं," राहीबाई म्हणाल्या.

संध्याकाळी पोरगा, यशराज, कामावरून आला. महापेला एका कंपनीत अकाउंट्सला आहे, राहायला आई-बापाजवळच. त्यानं बातमी वाचली आणि बूटही न काढता म्हणाला, "आबा, उद्या विकून टाकू. अजून ट्रेडिंग चालू आहे. जे येतील त्यात ग्राउंड फ्लोअरच्या भाड्याच्या रूमचं डिपॉझिट तरी सुटेल."

"आन् नवा मालक आल्यावर का विकायचं? आत्ता तर धंदा रुळावर येनार."

"धंदा येईल. आपण नाही येणार. अशा केसमध्ये जुने शेअर कॅन्सल करतात, आबा."

हौसेरावांनी पोराकडं नीट पाहिलं. एवढं शिकवून ह्याला बाजार कळला नाही, असं त्यांना वाटलं असावं.

"हे बग. आमच्या गाळ्याला किती शेठ झालं? पयला कच्छी, मग त्याचा भाचा, मग तो जळगाववाला. गाळा इकला की टोळी जाती का? टोळी गाळ्याबरोबर ऱ्हाती. जळगाववाल्यानं आपली मानसं आनायचं म्हटलं, तर पाखाडीतल्या समद्या गाळ्यांच्या टोळ्यांनी काम बंद ठेवलं हुतं. चौथ्या दिशी हात जोडीत आला. मालक बदलतो, जागा धरलेला मानूस न्हाय बदलत. आमी किती वर्सं जागा धरलीया त्या कंपनीत."

"तो तुमचा माथाडीचा कायदा झाला. शेअरला टोळी नसते."

"मग काय आसतं?"

आतून राहीबाईंची हाक आली, "आबा सांगत्यात तसं कर रं. गुडघं माजं दुकत्यात, मला घाई न्हाय." यशराजनं बूट काढले. आपण थोडा अजून धोशा लावायला हवा होता, असं तो नंतर मित्रांना सांगायचा. पण बापासमोर आवाज चढवायची त्या घरात रीत नव्हती.

मंजुरी आली. शेअरची खरेदी-विक्री थांबली. हौसेराव म्हणाले, नावं इकडची तिकडं करायला येळ लागनारच. पावसाळा सरला. मग एका रविवारी यशराजनं मोबाइल उघडला तर खात्यात धवलताराची ओळच नव्हती. शून्यसुद्धा दिसत नव्हतं. हौसेरावांनी बोट लावून पडदा वर सरकवला, खाली सरकवला.

"कुनाकडं जायचं आता?"

"कुणाकडंच नाही, आबा. ऑर्डरच तशी आहे. सगळ्यांचेच गेले."

"सगळ्यांनी मिळून काम बंद करायचं."

"कुठलं काम?"

भिंतीपलीकडं राहीबाई तांदूळ निवडत होत्या, सुपाचा आवाज येत होता. "आईला?" यशराजनं हळूच विचारलं. बापानं नुसता हात हलवला, आत्ता नको.

दुसऱ्या दिवशी ते बेलापूरला गेले, मेट्रोनं पेंधरला उतरले, पुढं रिक्षा केली. गेटावर नवी पाटी होती, नवं नाव, निळा रंग. एक गाडी बाहेर पडली, पाटे सपाट. मागून दुसरी, तीही सपाट. गेटावरच्या वॉचमननं, हिरामणनं, हात केला. जवळच्याच गावचा माणूस, आगरी बोलीचा.

"बाबा, बाजूला ऱ्हावा, गारी येतंय. कोनाकरं काम हाय?"

"कुनाकडं न्हाय. मी हितला भागीदार हुतो."

हिरामणनं त्यांच्या चपलांकडं पाहिलं. "भागीदार? मंग आत जावा ना, आत एसी हाय." मग म्हाताऱ्याचा चेहरा बघून त्यानं आपली खुर्ची पुढं सरकवली. "बसा. पानी पेवाचं हाय?"

पाणी पिऊन हौसेरावांनी विचारलं, "मालक बदलला, तुमची नोकरी ऱ्हायली का?"

"हाय ना. आमी त्येच हाव, शर्ट नवा दिला." हिरामणनं खिशावरचं नवं नाव दाखवलं. "लोडिंगची पोरं पन तीच हान. युनियननं सही घेतली पयले, मंगच पाटी बदलली. काम करनाऱ्याला कोन हात लावल?"

हौसेराव खुर्चीवर बसून राहिले. म्हणजे रीत खरी होती. टोळी गाळ्याबरोबरच राहिली होती. फक्त जन्मात पहिल्यांदा ते पोत्याखाली नव्हते, शेठच्या गादीला चिकटून बसले होते. गादी उचलली तेव्हा झटकले गेले. पोती वाहायला म्हणून ह्या गेटात आले असते, तर आज नवा शर्ट मिळाला असता.

"तुमचं लय गेलं काय?" हिरामणनं विचारलं.

"एक लिफ्ट गेली," हौसेराव म्हणाले. हिरामणला काही उमगलं नाही, तेवढ्यात पुढची गाडी आली आणि तो उठला.

घणसोलीला पोचेपर्यंत ऊन कलंडलं होतं. वसाहतीच्या दारात भाजीची गाडी उभी होती, दोरी खाली आलेली. राहीबाई खिडकीत कोपर टेकून बसल्या होत्या. त्यांना आधी टोपी दिसली.

"आवं, कुटं गेलावता सकाळधरनं?"

"तळोज्याला."

"आं?"

"तळोज्याला," ते मान वर करून जरा मोठ्यानं म्हणाले. भाजीवालीही बघायला लागली.

"चालू हाय का कंपनी?"

हौसेरावांनी पिशवी हातात धरली. आत कोथिंबीर होती, दोन लिंबं होती. "चालू हाय. गाड्या भरून चालल्यात."

"मग बरं झालं," राहीबाई वरून म्हणाल्या. "मी त्या दुसऱ्या मजल्यावरच्या मास्तरीनबाईंना सांगितलंय, पुडल्या वर्सी आमी हितं नसू म्हनून. सोडा की पिशवी."

त्यांनी सोडली. पिशवी भिंतीला घासत, गोल फिरत वर गेली. दुसऱ्या मजल्यापाशी खिळ्याला अडकली, राहीबाईंनी झटका दिला, सुटली. ती आत जाईस्तोवर हौसेराव बघत राहिले. मग कठड्याला हात घालून जिना चढायला लागले, आणि दुसऱ्या मजल्यावर मास्तरीणबाईंच्या दारासमोर थांबले. आतून कुकरची शिट्टी झाली. बेल वाजवून काय सांगायचं ते सुचेना, म्हणून ते तिथंच पायरीवर बसले.

वरून राहीबाईंची हाक आली, "आलासा का? च्या टाकलाय."