चार वाजताचा गेम

दुपारी चारला चहा झाला की आई कॉम्प्युटरसमोर बसते. आदिलाबादजवळ, जैनथकडच्या एका खेड्यात ती मराठी शाळेवर मास्तरीण होती. निवृत्तीनंतर गुडघे गेले, बाहेर जाणं कमी झालं, आणि रंगीत गोळ्या फोडायचा तो पंधरा वर्षांपूर्वीचा गेम हाच तिचा विरंगुळा उरला. गेल्या महिन्यात तोही चालेनासा झाला. क्लिक केलं की पडदा काळा व्हायचा आणि गेम बंद.

आईने तक्रार केली नाही. चारला यायची, काळा पडदा बघायची आणि उठून तांदूळ निवडायला घ्यायची. मला ते बघवेना.

मी कारकून माणूस, पण कॉम्प्युटरचं आपल्याला कळतं असा माझा समज आहे. तीन दिवस मी त्याच्या मानगुटीवर बसलो. जुन्या विंडोजच्या मोडमध्ये चालवून पाहिला, ड्रायव्हर बदलला, गेम काढून पुन्हा टाकला. फरक शून्य. मधेच आईला विचारलं, तू काही दाबलं होतंस का? ती हसून हो म्हणाली. म्हणजे काय दाबलं होतंस? त्यालाही हो. माझं डोकंच फिरलं. तशीही सहा महिन्यांपासून ती हाकेला ओ देत नव्हती आणि मी रोज तिच्यावर चिडत होतो.

चौथ्या दिवशी इंटरनेटवर कुणीतरी लिहिलेलं सापडलं की काही जुने गेम सुरू होताना आधी स्पीकर शोधतात आणि नाही मिळाला तर बंद पडतात. मी टेबलामागे वाकलो. स्पीकरच्या पिनेचं हिरवं भोक रिकामं होतं. टेबलावर स्पीकरच्या जागी धुळीत दोन स्वच्छ चौकोन होते. इतके दिवस नाकासमोर असून मला दिसले नव्हते.

मी त्या जागेवर बोट ठेवून विचारलं, तेव्हा तिला कळलं.

"बुद्धविहारातल्या पोराइले देल्ले. वंदनेले कामी येतात. मले तसंबी आयकू येत नाई आता."

"मंग सांगितलं काऊन नाई?"

हे तिने माझ्या ओठांवरून ओळखलं असावं. "तू तं पयलेच चिडेल असतं. त्यात अजून काय सांगू?"

मला खूप लाज वाटली. मी मोबाइलचा इअरफोन आणून त्या भोकात खोचला. गेम लगेच सुरू झाला. आईने खुर्ची पुढे ओढली. इअरफोन माझ्याच कानात होता. पहिल्या तीन गोळ्या फुटल्या आणि तिने पडद्यावरची नजर न काढता विचारलं,

"अजून तसाच वाजते काय बापा?"

मी इअरफोन काढला, तिच्या समोर जाऊन उभा राहिलो आणि सावकाश सांगितलं, हो आई, तसाच वाजते. सोमवारी आपण आदिलाबादला कानाच्या डॉक्टरकडे जाऊ.

ती हो म्हणाली. या वेळी मी विचारलं, काय सांगितलं मी?

"सोमवारी," ती म्हणाली, आणि हाताने मला बाजूला केलं. मी तिच्या गोळ्यांच्या आड आलो होतो.