वरवंट्याचं वजन

शारजाला निघाले त्या दिवशी बाबांनी विमानतळाची टॅक्सी मीरा रोडच्या मॉलपाशी थांबवायला लावली. डिकीत माझ्या बॅगा, ड्रायव्हर कुरकुरतोय, आणि आम्ही बापलेक मॉलच्या मधल्या चौकात माना वर करून उभे. वर माझं पहिलं मोठं काम टांगलेलं होतं. मॉलवाले त्याला झुंबर म्हणत. मी मोबाईल, म्हणजे हवेवर हलणारं शिल्प, म्हणायचे आणि मग लोक खिसे चाचपायचे. पातळ ॲल्युमिनियमच्या पाच खोलगट होड्या, दांड्यांवर तोललेल्या, तीन मजल्यांच्या पोकळीत हवेनं संथ फिरणाऱ्या.

बाबांना होड्या दिसल्याच नाहीत. "बाय, हे पालनं हायेत," ते म्हणाले. "आनि रिकामं हलतान."

रिकामा पाळणा हलवला की बाळाचं पोट दुखतं, हे आमच्या घरात वीज आणि पाण्याइतकं खरं होतं. म्हणून तर बारशाला बाळाआधी वरवंटा पाळण्यात निजवतात. माझ्या बारशाला आईनं घरचाच वरवंटा कुंची घालून निजवला होता. आई गेली, मिठागरं गेली, भाईंदर पूर्वेला आमच्या भाताच्या शेतावर बिल्डिंग उभी राहिली आणि तिच्यातच आम्हाला फ्लॅट मिळाला. वरवंटा मात्र आमच्याबरोबर लिफ्टनं वर आला. मी हसले आणि टॅक्सीत बसले.

इथे शारजात मी हॉटेलांच्या लॉबीत पत्र्याच्या माशांचे थवे टांगते. साइटवर हिंदी, ऑफिसात इंग्रजी, आणि मराठी फक्त संध्याकाळच्या व्हिडिओ कॉलपुरती. तुमच्यापैकी जे बाहेर पडलेत त्यांना हे कळेल. मागे राहिलेल्यांना एवढंच सांगते, आम्हाला काय होतंय ते फोनवर सहज बोललं की तिकडे त्याचं काय होईल याचा नेम नाही. मी एकदा सहज म्हणाले होते की पोट दुखतंय, इथलं खाणं मानवत नाही.

पुढच्याच आठवड्यात पोट बरं झालं. बाबा म्हणाले, "होनारच."

ते रोज मॉलच्या गारव्यात बसायला जातात, अगदी माझ्या कामाच्या खालच्या बाकावर. दिवाळीत त्यांनी कौतुकानं फोन वर धरला. एक होडी खाली झुकली होती. सगळं काम थोडं वळायचं, अडायचं आणि मागे यायचं. माझी सगळी करामत तोलाची. एका टोकाला मूठभर वजन वाढलं तरी मला ते लांबून कळतं.

"आत काय आहे, बाबा?"

"तुज्या आयशीचा वरवंटा. कंदील लावाला मानसं शिडीवर चरली व्हती, त्यांच्याकरनं ठेवला. आता रिकामा न्हाय."

होडी उथळ आहे. अजून थोडी कलली तर दगड घरंगळेल, खाली बाक आहे, आणि बाकावर बाबा. मॉलच्या मॅनेजरला फोन केला. "मॅडम, अभी अच्छा दिखता है, लोग नीचे सेल्फी लेते हैं. सेल के बाद देखेंगे." बाबांना म्हटलं, निदान दुसऱ्या बाकावर बसा. ते म्हणाले, "तुज्या खाली बसाला भ्याव कसला?" त्यांच्यावर ओरडले, रडलेही. काढायला ते तयार नाहीत. माझं पोट दुखायचं थांबलंय ना.

घर म्हटलं की आता मला भाईंदरचा फ्लॅट आठवत नाही. फोनच्या चौकटीत मावणारं ते बाक आठवतं आणि चौकटीबाहेर राहिलेलं वरचं सगळं. कामावर दुसऱ्यांच्या छतांना हूक मारताना माझं लक्ष तिकडेच असतं.

काल शेवटी खोटं बोलले. म्हटलं, बाबा, पोट परत दुखायला लागलंय, फार दुखतंय. तो वरवंटाच बाधतोय, आजच्या आज उतरवून घ्या.

त्यांनी मान वर करून पाहिलं. त्यांच्या डोक्यामागे सेलच्या पताकांची गुंडाळी आणि एक उंच शिडी दिसत होती.

"बरोबर हाय तुजं," ते हळू म्हणाले. "एकानं काय व्हतंय? चार अजून रिकामंच हायेत. उद्या मानसं चरनार हायेत. मी बिल्डिंगीतल्या बायांकरं वरवंटं मांगून ठेवलेत."